पेशंट कोण, सोबत कोण

वैशाखातल्या टळटळीत दुपारी मी कानाला मफलर गुंडाळून गुणवंतरावांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा दार उघडणाऱ्या वत्सलाताईंनी आधी माझ्याकडे, मग बाहेरच्या उन्हाकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“भाऊजी, बरं नाई काय?”

“बरा आहे ताई. मुद्दाम गुंडाळलाय. जागे आहेत का?”

“जागेच असतात,” त्या म्हणाल्या. “झोपतात कुठं!”

वत्सलाताई म्हणजे माझ्या बायकोची, नलूची, मोठी बहीण. तेव्हा गुणवंतराव गावंडे माझे साडू झाले. आमच्या वऱ्हाडात साडभाऊ म्हणतात. मूर्तिजापुरात त्यांचं मंडप डेकोरेशनचं काम होतं आणि पंचक्रोशीतलं एकही लग्न त्यांच्या बांबूंशिवाय आणि त्यांच्या आवाजाशिवाय लागत नसे. मी त्याच गावात पोस्टात होतो. ते सहा फुटी, मी काडीसारखा. माझ्या लग्नात घोड्यावरून उतरताना मला पाहून ते पहिलं वाक्य बोलले होते, “अरे, नुसता सदराच आला. नवरदेव मागून येऊन राह्यला काय?” तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. वारा सुटला की म्हणायचे, “साडभाऊ, खिशात दोन गोटे ठेवा.” पोस्टात आले की खिडकीतून ओरडायचे, “तुमाले पाकिटात टाकून धाडलं तरी जादा तिकीट लागणार नाई!” मी दसऱ्यापासून होळीपर्यंत मफलर वापरतो. घसा नाजूक आहे. त्यावर त्यांचं ठरलेलं म्हणणं होतं की यांनी मफलर गुंडाळलेला नाही, मफलरानं माणूस गुंडाळला आहे.

मी कधी उलट बोललो नाही. एक तर मला सुचायचं नाही आणि सुचायचं ते घरी पोचल्यावर.

तर अशा माणसासमोर मी भर वैशाखात मफलर घालून गेलो. आमिष म्हणून.

ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. दाढी वाढलेली. वॉकर कोपऱ्यात उभा, त्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला. मी खुर्ची ओढली, खाकरलो. त्यांनी मान वळवली, मला डोक्यापासून छातीपर्यंत पाहिलं. मफलरही पाहिला. मी वाट पाहत राहिलो.

“बसा,” ते म्हणाले. आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

माणूस किती आजारी आहे ते मला तेव्हा कळलं.

माघात एका खेड्यातल्या लग्नाचा मांडव घालताना वरची झालर नीट बसत नव्हती, म्हणून हे स्वतः चढले. पोरं नको नको म्हणत असताना चढले. बांबू सरकला. मांडीचं हाड तुटलं, खुब्याच्या वाटीलाही तडा गेला. अकोल्याला ऑपरेशन झालं, मांडीत सळई आणि कमरेत पट्टी घातली. शुद्धीवर आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, “आता मीच लोखंडी मंडप झालो, पाऊसपाणी काही लागत नाई मले.” आम्ही हसलो. सगळं ठीक आहे असं धरून चाललो. घरी आल्यावर हळूहळू त्यांचा आवाज खाली येत गेला, जसं कुणी रेडिओचं बटण पिळत जावं, आणि एक दिवस लक्षात आलं की घरात आवाजच नाही.

मग गाव सल्ला द्यायला धावलं. हिंमत धरा. देवाचं नाव घ्या. तुमच्याहून वाईट लोकांचं होते, पायच कापतात. शेजारच्या काकू मीठमोहऱ्या ओवाळून गेल्या. व्यायाम घ्यायला येणाऱ्या पोराला त्यांनी दोनदा परत पाठवलं. पाय जमिनीला लावेनात. लग्नसराई ऐन भरात होती, लोक मंडप ठरवायला यायचे आणि वत्सलाताई काहीतरी सांगून त्यांना वाटेला लावायच्या.

“पायाले काय झालं ते फोटोत दिसते भाऊजी,” त्या दिवशी चहा देताना त्या म्हणाल्या. “बाकी काय झालं ते कशात पाहू?”

पायाचा गावातच काढलेला नवा फोटो, म्हणजे एक्स-रे, डॉक्टरांना दाखवायचा होता. हे जायला तयार नव्हते, म्हणून मीच तो बगलेत मारून अकोल्याला गेलो. हाडांच्या डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि खूश झाले.

“फार छान जुळलंय हो! चालतात किती?”

“चालत नाहीत.”

“दुखतं?”

“विचारलं तर म्हणतात, दुखत नाही. काहीच म्हणत नाहीत. जेवत नाहीत, झोपत नाहीत. डॉक्टर, आमचे साडभाऊ थट्टा करत नाहीत आजकाल.”

मला वाटलं डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी फोटो खाली ठेवला.

“रडतात?”

“आमच्यासमोर नाही.”

“हे बघा,” ते म्हणाले, “हाड माझ्याकडचं, ते मी जुळवलं. मोठं हाड मोडून अशी ऑपरेशनं झाली की बऱ्याच जणांचं मन खचतं. तोही आजारच आहे, त्यालाही औषध आहे. डॉक्टर मेश्राम म्हणून बाई आहेत, मानसोपचार करतात. त्यांना दाखवा. नाही दाखवलं तर माझी सळई नुसती पडून राहील.”

गुणवंतरावांच्या घरी येऊन हे सांगितलं तर वत्सलाताईंनी तोंडाला पदर लावला. “म्हणजे येडं लागलं म्हणता काय? मायबाई! गावाले कळलं तर येड्याचा मंडप कोण बांधून घेईन? काही नाई, थोडी अशक्ती हाये. मी शिरा करून घालते.”

त्या शिरा करायला आत गेल्या आणि मी पुन्हा मफलर गुंडाळून खोलीत जाऊन बसलो. गुणवंतराव जागेच होते. सगळं ऐकलं होतं.

“नेऊ नका मले,” ते भिंतीला म्हणाले.

“नेत नाही. पण साडभाऊ, एक विचारू? मी मफलर घालून आलो, तुम्ही काही बोलला नाहीत. काहून?”

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं, हसताहेत. माझ्या डोक्यात एवढी वर्षं त्यांचं हसणंच होतं ना. मग कळलं. सहा फुटी माणूस उशीत तोंड खुपसून रडत होता, आणि मी काय करावं ते न सुचून त्यांच्या पाठीवर टपाल चापटावं तसं चापटत होतो.

“सुचलं नाई हो,” ते म्हणाले. “पाह्यलं तुमाले. वाटलं, इथं काहीतरी बोलायचं असते. पण आत काही हललंच नाई. कोणी मेलं तरी हलणार नाई, असं झालं. हे सांगू कोणाले? गावभर आवाज करून हिंडलेला माणूस मी. लोक म्हणतीन, गावंड्याचा पाय मोडला आन् डोकं फिरलं.”

माझ्यासारख्याला तत्काळ कधी काही सुचत नाही. त्या दिवशी सुचलं. का ते देव जाणे.

“तुमचं नाव घेऊच नका,” मी म्हणालो. “डोकं माझं फिरलंय असं सांगू. पेशंट मी, सोबत तुम्ही.”

ते वळले. किती दिवसांनी पूर्ण वळले. लाल डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मफलराकडे पाहिलं.

“हं,” ते म्हणाले. “ते पटन लोकाईले.”

मला इतका आनंद झाला की मी तिथेच मफलर काढला. घामानं जीव जात होता.

अट एकच होती, कुणाला सांगायचं नाही. नलूलासुद्धा नाही. मी शब्द दिला. वत्सलाताईंना म्हणालो, “ताई, मला झोप लागत नाही, छातीत धडधडतं. अकोल्याला दाखवायचंय आणि एकट्याला भीती वाटते. साडभाऊंना सोबत न्यावं म्हणतो. त्यांचा व्यायामही तिथेच होईल.” नवरा घराबाहेर पडतोय म्हटल्यावर त्यांनी फार चौकशी केली नाही. फक्त माझ्याकडे फार मायेनं पाहिलं.

नलूला सांगायची मला धास्ती होती. तिला धक्का बसेल, ती रडेल, असं वाटलं होतं. तिनं भाजी निवडता निवडता मान हलवली आणि म्हणाली, “मला वाटतच होतं.”

“काय वाटत होतं?”

“हेच. तुम्ही कुलूप लावून तीनतीनदा ओढून पाहता ना.”

असो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन पोरांनी त्यांना धरून पॅसेंजरमध्ये चढवलं. दवाखान्यात कंपाउंडरनं विचारलं, “पेशंट कोण?” यांनी वॉकरवरचा एक हात उचलून माझ्याकडे दाखवला. आत गेल्यावर मेश्राम बाईंनी मला समोर बसवून पाच मिनिटं तपासलं, आणि खरं सांगतो, त्यांचे प्रश्न ऐकून मलाही वाटायला लागलं की एकदा दाखवलेलं बरं. मग मी खरं सांगितलं. बाई हसल्या, खुर्च्या बदलायला लावल्या आणि मला बाहेर काढलं.

निघताना त्यांनी मला वेगळं बोलावलं. “गोळ्या लगेच लागू पडत नाहीत. काही आठवडे जातील. मध्येच बंद करू देऊ नका. रोज थोडं चालवा, चार माणसांत बसवा. आणि तुम्ही त्यांना हसवायच्या मागे लागू नका. हसू आलं नाही की त्यांनाच अपराधी वाटतं.”

“मग मी काय करू?”

“सोबत जा. तेवढं जमतंय तुम्हाला.”

तेवढं मी केलं. गोळ्यांना घरी ‘हाडाच्या गोळ्या’ हे नाव पडलं. आत बाईंशी ते काय बोलत ते मला कळायचं नाही. मी बाहेर बाकावर पेशंटसारखा बसून राहायचो. बाकीचे पेशंट मला धीर द्यायचे. एका आजीनं मला राजगिऱ्याचा लाडू दिला आणि सांगितलं, “होशील बाळा बरा.”

गावात मात्र बातमी आमच्या आधी गाडीतून उतरायची. पोस्टमास्तरांनी मला मनीऑर्डरीच्या खिडकीवरून उठवून मागे टपाल निवडायला बसवलं. वर म्हणाले, “तिथं शांतता असते.” ओळखीचे लोक माझ्याशी सावकाश आणि जरा मोठ्यानं बोलायला लागले. सासूबाईंनी कारंज्याहून ब्राह्मीचं तेल धाडलं. नलू ते रोज माझ्या डोक्यावर थापायची. उशांचे अभ्रे हिरवे झाले. गुणवंतराव ते पाहायचे आणि खाली मान घालायचे. त्यांना वाईट वाटत होतं. मला त्याचं फार काही वाटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा घरात मला विचारून भाजी होत होती.

आषाढ लागला तेव्हा ते वॉकर टेकत टेकत स्टेशनपर्यंत यायला लागले होते. एकदा परतीच्या गाडीत खिडकीबाहेर पाहत ते एकदम बोलले.

“साडभाऊ, पडलो तेव्हा मले भेव नाई वाटलं. भेव नंतर वाटलं. मी दुसऱ्याच्या दारी मांडव घालणारा माणूस. आता संडासले जायचं तर बायकोनं धरायचं. वाटे, हे असं लोंबत राह्यण्यापेक्षा बांबूवरून नीटच पडलो असतो तर बरं झालं असतं.”

मी विचारलं, “आता?”

“आता रोज नाई वाटत,” ते म्हणाले. “कधी कधी वाटते. बाईले सांगितलं मी. ती म्हणे, वाटलं की सांगायचं, लपवायचं नाई. म्हणून तुमाले सांगून राह्यलो.”

“चांगलं केलं,” मी म्हणालो. बोरगाव येईपर्यंत आम्ही दोघंही बाहेर पाहत बसलो. शेतांत कपाशीची पऱ्हाटी वीतभर वर आली होती.

सगळं सरळ झालं नाही. श्रावणात आठ-दहा दिवस त्यांनी गोळ्या बंद केल्या, पुन्हा भिंत धरली, म्हणाले आता येत नाही. मी म्हणालो, “बरं. मग मी एकटा जातो.”

“तुम्ही कायले जाता?”

“वा! गावाला माहीत आहे मी पेशंट आहे. पेशंटनं खाडा केला तर लोक म्हणतील, वाढलं दिसतंय. आधीच पोस्टात कात्री दिसली की लपवतात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पायजमा सावरला आणि काठी मागितली. वॉकर नाही, काठी. वत्सलाताई दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. त्यांना वाटलं, माझ्यासाठी त्यांचा नवरा किती करतो.

तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या मुलीला, प्रणिताला, दर्यापूरचं स्थळ आलं. मुलगा शैलेश वीज मंडळात इंजिनीयर, वडील नव्हते. आई प्रमिलाबाई शाळेत शिक्षिका, आणि बरोबर त्याचे काका दिनकरराव. मुलगा मोठा नम्र. काही विचारलं की आधी काकांकडे पाही, मग उत्तर देई. नलूनं पोहे केले, वत्सलाताई सकाळपासून आलेल्या, आणि गुणवंतराव काठी टेकत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले. त्यांचा आवाज अजून अर्धाच होता, पण दाढी केलेली होती, कडक इस्त्रीचे कपडे होते.

पोहे झाले, प्रणितानं चहा दिला, ती आत गेली. मग दिनकररावांनी बशी खाली ठेवली.

“राग मानू नका,” ते म्हणाले. “लग्नाची गोष्ट हाये, विचारलेलं बरं. आमच्या कानावर आलं की मुलीचे वडील अकोल्याले डोक्याच्या डॉक्टरकडं जातात. खरं काय?”

नलूचा चेहरा पांढरा पडला. आतल्या दाराशी प्रणिताच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. गावात मी वेडा ठरलो त्याचं मला काही नव्हतं, पण वेड्याची मुलगी म्हणून कुणी तिच्याकडे पाहील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तोंड उघडून खरं सांगायला एक क्षण पुरला असता. पण मी शब्द दिला होता, आणि ज्याला दिला होता तो माणूस आत्ता कुठे खुर्चीवर सरळ बसायला लागला होता. त्याच्या आत पुन्हा काहीतरी मोडलं तर ते फोटोत दिसणार नव्हतं.

“हो,” मी म्हणालो. “जात असतो.”

“काय आजार म्हणता?”

“तो...”

“थांबा.”

काठी फरशीवर वाजली. गुणवंतराव उठत होते. उठायला त्यांना वेळ लागायचा. आधी काठी, मग चांगला पाय, मग दुसरा. सगळे पाहत राहिले. उभे राहिल्यावर त्यांनी दिनकररावांकडे पाहिलं.

“डॉक्टरकडं जातो तो मी. हे नुसते सोबत येतात.”

दिनकरराव समजूतदारपणे हसले. “गावंडे, तुमचं मोठं मन हाये. साडभाऊसाठी पांघरूण घालून राह्यले. पण आमी गावातूनच ऐकलं ना.”

“गावाचं चुकलं.”

“तुमचं बरोबर हाये हो,” वत्सलाताई दिनकररावांना कळवळून म्हणाल्या, “हे भाऊजीले सांभाळून नेतात, पण आता त्यांची तब्येत बरी...”

“वत्सला, चूप बस.” आणि मग थोडं हळू, “नाई, चूप बस नाई म्हणत. ऐक.”

मी जन्मात पाहिलेला सगळ्यात विचित्र प्रकार तो. एक माणूस भर बैठकीत स्वतःचा आजार पटवून द्यायला धडपडतो आहे आणि कुणी विश्वास ठेवत नाही. माझ्याकडे पाहिलं की सगळ्यांना वाटे, हाच तो. माझ्या डोक्यावर अजून ब्राह्मी चमकत होती.

“पाय मोडला,” गुणवंतराव म्हणाले. “डॉक्टरनं सळई टाकली, हाड जुळलं. आन् मी पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलो. बायको ताट आणे, मी ते तसंच परत पाठवत होतो. तिनं शिरा केला, तो मी खिडकीतून कुत्र्याले टाकला. तिले वाटे मी खाल्ला, ती खूश होये. पाय दुखत नव्हता. काहीच दुखत नव्हतं, तेच तर होतं. सकाळ झाली की वाटे, कायले झाली. मरावं असंही वाटे. हे माझ्या बायकोले आज पह्यल्यांदा कळून राह्यलं.”

वत्सलाताई खाली बसल्या. खुर्ची नव्हती तिथं बसल्या, जमिनीवरच.

“हा माणूस,” त्यांनी काठी माझ्याकडे केली, “दर खेपेले माझ्यासंग आला. मले लाज वाटे, म्हणून ह्यानं सांगितलं की येडा मी हाये. ह्याले खिडकीवरून उठवलं, पोरं मागून हसली, बायकोनं डोकं तेलात बुडवलं. हा बोलला नाई. आता त्याच्या पोरीवर आलं तरी बोलून नाई राह्यला. म्हणून मी बोलून राह्यलो. गोळ्या चालू हायेत. बरा होऊन राह्यलो. विचारा आणखी काय विचारायचं ते.”

एवढं बोलून ते घामाघूम झाले. पाय थरथरत होता, पण ते बसले नाहीत.

नलू माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता येणार नाही. एवढंच म्हणतो की आमच्या लग्नाला तोवर चोवीस वर्षं झाली होती आणि तिनं मला तसं कधी पाहिलं नव्हतं. मग ती हळूच पुटपुटली, “आणि कुलूप?”

“कुलूप खरं आहे,” मी म्हणालो.

दिनकरराव काही बोलणार होते. पण तेवढ्यात प्रमिलाबाई, ज्या आल्यापासून चहा चांगला झाला याखेरीज एक शब्द बोलल्या नव्हत्या, पुढे सरकल्या.

“गावंडे भाऊ, तुम्ही बसा आधी,” त्या म्हणाल्या. ते बसले. “कोणत्या डॉक्टरांकडे जाता तुम्ही?”

“मेश्राम बाई.”

“पाय मोडलेल्या माणसाला पाहतात?”

“मले पाह्यलं.”

“माझा भाऊ आहे. धाकटा. मोटरसायकलवरून पडला, त्याची नडगी मोडली. पट्टी टाकली, डॉक्टर म्हणतात सगळं बरोबर आहे. आता वर्ष होत आलं.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तो बोलत नाही. आम्ही त्याला आळशी म्हणतो. मीसुद्धा म्हणते.”

“वहिनी, आपण कशाले आलो आन्...” दिनकरराव म्हणाले.

“भाऊजी, मी बोलते आहे,” प्रमिलाबाई म्हणाल्या. शाळेतला आवाज असावा तो. दिनकररावांनी बशी पुन्हा उचलली.

ते स्थळ जमलं नाही. लोकांना वाटलं आजारपणावरून फिसकटलं. खरं कारण असं की प्रणितानं सांगितलं, “बाबा, इकडे मोठे बाबा उभे राहून एवढं बोलत होते आणि तो मुलगा पोह्यातले शेंगदाणे वेचत होता.” पुढे तिला यवतमाळचा मुलगा मिळाला. तो शेंगदाणे खात नाही, त्याला पित्त होतं. पण ती दुसरी गोष्ट झाली.

त्या रात्री वत्सलाताई आणि गुणवंतराव एकमेकांशी काय बोलले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नलूनं ब्राह्मीची बाटली कारंज्याला परत पाठवली आणि मला विचारल्याशिवाय कारल्याची भाजी केली.

पुढच्याच आठवड्यात एक जीप येऊन गुणवंतरावांच्या दारात थांबली. प्रमिलाबाई पुढून उतरल्या. मागच्या सीटवर चाळिशीचा एक माणूस बसला होता, पाय लांब करून, दुसऱ्या बाजूच्या काचेकडे तोंड करून. कुबड्या खाली पडलेल्या. प्रमिलाबाईंनी भावाचं नाव सांगितलं, श्रीधर. म्हणाल्या, “कसाबसा गाडीत बसला. अकोल्याला जायचं म्हटलं तेव्हापासून पाहतच नाही. उतर म्हणते तर उतरत नाही.”

वत्सलाताई पाणी घेऊन आल्या. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी नमस्कार केला. माझ्याकडेही नाही.

मला वाटलं, आता गुणवंतराव काहीतरी फर्मास बोलतील. आवाज बराचसा परत आला होता. आदल्याच दिवशी त्यांनी मला दूरवरून हाक मारून विचारलं होतं, आज सावली घरी ठेवून आलात काय. मी वाट पाहत उभा राहिलो.

ते काही बोलले नाहीत. काठी टेकत जीपपाशी गेले, मागचं दार उघडलं. आधी काठी आत टाकली, मग दांडीला धरून स्वतःला वर ओढलं. त्यांना त्रास झाला, तोंड वाकडं झालं, पण कुणाला हात लावू दिला नाही. मग त्या माणसाच्या शेजारी, लांब केलेल्या पायापलीकडे उरलेल्या टीचभर जागेत, अर्धे आत अर्धे बाहेर बसून राहिले. समोर पाहत.

प्रमिलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनंच थांबा म्हणालो.

ऊन पायरीवर चढत होतं. ड्रायव्हरनं बिडी काढली, पुन्हा खिशात घातली. कितीतरी वेळानं त्या माणसानं काचेकडचं तोंड वळवलं. आधी गुणवंतरावांच्या पायाकडे पाहिलं, मग काठीकडे. चेहऱ्याकडे पाहिलं नाही. मग दोन्ही हातांनी आपली मांडी धरली, तो पाय सावकाश उचलला, जवळ घेतला आणि त्यांना जागा करून दिली.

गुणवंतराव आत सरकले. मी दार लावून घेतलं.